कडेची विहीर

४ मार्च

आज ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. छोट्या कपाटाएवढं आहे, खाली चाकं, आणि पाठीमागून गरम वारा सोडतं. मशीनवाल्याने ते बाबांच्या पलंगाशेजारी लावलं, नळी त्यांच्या नाकात अडकवली आणि म्हणाला, "सतत चालू ठेवा. आवाजाची सवय होते." बाबा म्हणाले, "उभा जन्म भट्टीजवळ काढलाय, हा आवाज म्हणजे अंगाई." सिमेंटच्या कारखान्यातल्या त्या भट्टीने बाबांना पगार दिला, पेन्शन दिलं, आणि ही असली फुप्फुसंही दिली.

मशीनवर काचेची एक उभी नळी आहे, तिच्यात गोळी तरंगते. बटण फिरवलं की गोळी वर चढते. एकपासून पाचपर्यंत आकडे. रुग्णालयात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एकवर ठेवायला सांगितलंय. बोटाला चिमटा लावला की रक्तात ऑक्सिजन किती ते दिसतं; अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुरे, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "जास्त झालं तर चांगलंच ना?" "यांना जास्त नको," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं. त्या गेल्या त्या गेल्याच. मी दारात थोडा वेळ थांबले आणि परत आले.

संध्याकाळी चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी. बाबांनी मान वळवून विचारलं, "किती?" मी सांगितलं. "म्हणजे पास," ते म्हणाले. माझ्या मते काठावर पास.

७ मार्च

ऑफिसात साहेबांनी आज सगळ्यांना खोलीत बसवून सांगितलं की कारखान्याची दुसरी भट्टी लवकरच सुरू होतेय, तिचाही धूर आपल्याला जमिनीत घ्यावा लागेल. मग सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. अशा वेळी सगळे माझ्याकडेच का बघतात कोण जाणे. जमीन काय मी केलीय?

बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "मुलगी गोदामात कामाला आहे." तसं बघितलं तर खोटं नाही. बाबांच्याच कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड आम्ही पकडतो, दाबून दाट करतो आणि चार विहिरींतून खूप खोल, वालुकाश्माच्या एका जाड थरात सोडतो. त्या दगडाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी आहे. गॅस त्याला सरकवून स्वतः जागा करून घेतो. वर घट्ट खडकाचं झाकण. दाब फार वाढला तर झाकणाला तडा जायचा, म्हणून दाब मर्यादेत ठेवायचा आणि माल मात्र जास्तीत जास्त भरायचा. कोणत्या विहिरीतून किती भरायचं ते ठरवायला माझा एक प्रोग्राम आहे. ऑफिसात त्याला सगळे 'हावरट' म्हणतात, कारण एक कणभर जागा शिल्लक दिसली तरी त्याला चैन पडत नाही. मलाही पडत नाही, म्हणून आमचं जमतं.

एक पाचवी विहीरही आहे, पार कडेला. तिच्यातून काही भरत नाही, नुसता दाब मोजायचा. तिचं मापक जुनं झालंय, आकडे उड्या मारतात, आणि हावरट त्या उड्यांच्या मागे धावून दमतो. आज मी तिला हिशेबातून वगळलं. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "लांब आहे ती, चालेल." लगेच प्रोग्राम सुतासारखा सरळ चालायला लागला.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. दादा दुसऱ्या देशात राहतो आणि दर रविवारी तिथून आमची काळजी करतो. आज व्हिडिओवर त्याला चिमट्याचा आकडा दिसला. "अठ्ठ्याऐंशी? अगं, माणसाचं अठ्ठ्याण्णव असतं. माझ्या ऑफिसातल्या एकाचं नव्वदच्या खाली गेलं तर त्याला अतिदक्षता विभागात टाकलं होतं. तू करतेस काय तिथे?"

मी काय करते. अंघोळ घालते, नळी पुसते, सूप भरवते, ऑफिस सांभाळते. हे सगळं म्हणावंसं वाटलं आणि म्हटलं, "डॉक्टरांनी एवढंच पुरे म्हणून सांगितलंय." तो म्हणाला, "डॉक्टरांचं काय जातंय." बाबा पलंगावरून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ठमे, त्याचं मनावर घेऊ नकोस. त्याला लांबून सगळं मोठं दिसतं." पण हे एवढं बोलायलाही त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. ते थांबणं मला बघवत नाही.

११ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मदतनीस मुलीने उचलला, म्हणाली मॅडम परिषदेला गेल्यात, काही तातडीचं आहे का. तातडीचं म्हणजे काय ते मला ठरवता येईना. नाही म्हटलं.

मग बटण एकवरून दीडवर नेलं. थोडी वाट पाहिली. नव्वद. दोनवर नेलं. ब्याण्णव. म्हणजे सांगितलेल्या मर्यादेतच आहे, उगाच अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. बाबा म्हणाले, "खिडकी उघडल्यासारखं वाटतंय." ते ऐकून इतकं बरं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले. किती दिवसांनी माझ्या हाताने त्यांचं काहीतरी बरं झालं.

१४ मार्च

त्र्याण्णव. आलेखाचा कागद आणून बटणाचा आकडा आणि चिमट्याचा आकडा मांडायला घेतलाय. बाबा हसतात. "मला पण विहीर केलीस काय गं?" म्हटलं, "तुम्ही विहिरीपेक्षा शहाण्यासारखे वागता." खरंच, रेघ किती छान चढतेय. वर अजून बरीच जागा आहे.

१६ मार्च, रविवार

आता तीनवर. पंचाण्णव. दादाला दाखवलं. तो म्हणाला, "बघ, मनावर घेतलं की होतं." शाबासकी द्यायची त्याची ही पद्धत. लहानपणापासून मी तिच्यावर जगत आले आहे आणि अजूनही मला ती पुरते, याचा रागही येतो.

बाबा दुपारी छान झोपले. इतके दिवस बसल्या बसल्या डुलक्या काढायचे, खोकल्याने दचकून उठायचे. आता खोकलाही शांत आहे. सकाळी डोकं जड होतं म्हणतात. चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं, दाखवून आणायला हवं.

१९ मार्च

हावरटाने कमाल केली. त्याने बहुतेक सगळा माल तिसऱ्या विहिरीकडे वळवलाय, कारण तिथला दगड मऊ आणि दाब कमी. चारही विहिरींचे आकडे हिरवे, आणि दुसरी भट्टीसुद्धा मावतेय. साहेबांनी ताबडतोब मंजुरी दिली, दुपारपासून नव्या बेताने भरणं चालू झालंही. साहेब म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे." मी नको नको म्हटलं आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य घोळवत बसले.

बाबांना सांगितलं की तुमच्या जुन्या भट्टीबरोबर नव्या भट्टीचा धूरही मी पुरणार. ते "हं" म्हणाले. चहाचा कप धरताना त्यांचा हात मध्येच झटका बसल्यासारखा खाली गेला आणि चहा सांडला. अशक्तपणा. पण चेहरा काय सुंदर गुलाबी झालाय. कित्येक वर्षांत मी त्यांना असं टवटवीत पाहिलं नव्हतं.

२१ मार्च

शेजारच्या मावशी दिवसभर बाबांजवळ बसतात. त्या आज दारातच म्हणाल्या, "अगं, ते झोपतात फार. मी पेपर वाचून दाखवते तर दुसऱ्या ओळीला घोरायला लागतात. पूर्वी कसे मध्येच तोंड घालायचे, सरकारला शिव्या द्यायचे." मी त्यांना समजावलं की इतके महिने श्वासासाठी झगडून शरीर थकलंय, आता आराम मिळतोय तर झोपणारच. चिमटा लावून दाखवला. शहाण्णव. मावशी आकड्याकडे बघत राहिल्या. "तुला कळतं बाई," म्हणाल्या. "पण शिव्या दिल्या की मला बरं वाटायचं."

जाताना त्यांनी पेपराची घडी बाबांच्या उशाशी ठेवली.

२४ मार्च

विहिरींच्या जागेवर जो इंजिनिअर असतो त्याला आम्ही 'वस्ताद' म्हणतो. त्याचा सकाळीच फोन. "मॅडम, तुमच्या चार पोरी खुशीत आहेत. पण कडेची फुगायला लागलीय."

मी म्हटलं मापक बिघडलंय, जुनंच दुखणं आहे. तो म्हणाला, "नवीन बसवून घेतलं गेल्या आठवड्यात. उड्या बंद झाल्यात. आता सरळ चढतंय."

सगळे हिशेब पुन्हा उघडले. तिसऱ्या विहिरीपाशी दाब कमी दिसत होता, कारण तो तिथे थांबतच नव्हता. मऊ दगडाच्या पट्ट्यातून तो सरळ कडेकडे जात होता, जिथे मी बघायचं बंद केलं होतं. कडेच्या विहिरीजवळच पूर्वी कोणीतरी तेल शोधायला खणलेली आणि बुजवून टाकलेली एक विहीर आहे. दाब तिथे पोचला तर ते बूच धरेल का, कोणालाच सांगता येत नाही. बुजवणारे लोकच आता हयात नाहीत. हावरटाचा काही दोष नाही. चार आकडे हिरवे ठेव म्हटलं, त्याने ठेवले.

साहेबांसमोर मी तिसरी विहीर बंद करायला सांगितलं. वस्तादने ताबडतोब बंद केली. दुपारी पुन्हा विचारलं. "चढतेच आहे," तो म्हणाला.

चढणारच. आत शिरलेला दाब खोलवर पसरत राहतो, आपण वर झडप बंद केली हे त्याला कोण सांगणार. आता पंप नाही, बटण नाही, प्रोग्राम नाही. दिवसभर आम्ही पडद्यावरच्या एका रेघेकडे बघत बसलो. साहेब मला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

२५ मार्च

कडेची अजून चढतेय, पण जरा हळू. एकूण भरणंच कमी करावं लागलं, म्हणून कारखान्याचा धूर पुन्हा आभाळात सोडताहेत. बसमधून धुराडं दिसलं. लहानपणी बाबांची पाळी आहे का ते मी त्या धुरावरून ओळखायचे. ते म्हणायचे, माझा धूर पांढराशुभ्र असतो.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते, पण त्यांनी मला आई समजून विचारलं, "पोरगी आली का शाळेतून?" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आलीय, गृहपाठ चुकलाय तिचा." ते पुन्हा झोपले. श्वास अगदी संथ. पूर्वी खांदे वर-खाली व्हायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आता काही नाही. या घरात निदान एक गोष्ट तरी मी नीट केली.

बटण चारवर. सत्त्याण्णव.

२७ मार्च

काल लिहायचं राहिलं. काल दुपारी ऑफिसात असताना मावशींचा फोन आला, "उठत नाहीत." मी म्हटलं, झोपले असतील. त्या म्हणाल्या, "मला झोप आणि हे यातलं कळतं." मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना न सांगता ऑफिसातून निघाले.

हाका मारल्या, हलवलं, तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे अर्धवट उघडायचे आणि मिटायचे. गाल गुलाबी, हात गरम, बोटाला सत्त्याण्णव. मी तो आकडा रुग्णवाहिकेतल्या माणसाला तीन-तीनदा दाखवला, जणू तो दाखवला की काही झालेलं नाही असं ठरणार होतं. त्याने विचारलं, "ऑक्सिजन कितीवर होता?" "चारवर." त्याने ते लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

डॉक्टरीणबाईंनी मनगटातून रक्त काढून तपासायला दिलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. नंतर स्वतः येऊन शेजारी बसल्या. त्या शेजारी बसल्या तेव्हाच मला भीती वाटली. म्हणाल्या, "ऑक्सिजन उत्तम आहे. पण श्वास इतका मंदावला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेना. आतच साठत गेला. मेंदूवर गुंगी आली ती त्याची. अशा फुप्फुसांचं हेच असतं, ऑक्सिजन हात राखून द्यावा लागतो. चिमट्याला हा गॅस दिसत नाही."

मी त्यांचं बोलणं पुरतं ऐकलं. सकाळी डोकं जड, हाताला झटके, गुलाबी चेहरा, ती झोप. एकेक करून सगळं त्यांनीच विचारलं आणि एकेकाला मी हो म्हटलं. मग मी म्हणाले, "बटण मी वाढवलं." त्या म्हणाल्या, "मला कळलं ते." पुढे म्हणाल्या, "त्या दिवशी मी नीट सांगायला हवं होतं." त्यांच्या या वाक्याने मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं. बोलायचं म्हणून विचारलं असेल.

मी म्हटलं, "गोदामात आहे."

२९ मार्च

बाबांच्या तोंडावर घट्ट बसणारा मास्क आहे, मशीन श्वासागणिक हवा ढकलतं आणि आतला गॅस बाहेर पडू देतं. काल थोडे शुद्धीवर आले. आज ओळखलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं आणखी थकलीत. पूर्वी होते तितके परत येतील असं धरून चालू नका. किती येतील ते बघत राहायचं.

वस्तादचा निरोप आहे, कडेची चढायची थांबलीय, उतरत मात्र नाही. साहेबांनी विचारलं कधी उतरेल. मी म्हटलं, तिला वाटेल तेव्हा.

३० मार्च, रविवार

दादाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो तुला." मी म्हटलं, "तू लांबून म्हणालास. हात माझा होता." तो रडायला लागला. त्याची समजूत काढायची ताकद माझ्यात नव्हती, तरी काढली, कारण दुसरं कोणी नव्हतं. तिकीट काढतोय.

बाबांनी नर्सला मास्क बाजूला करायला लावून सांगितलं, "मुलीने वेळेवर आणलं म्हणून वाचलो." नर्सने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बाबांना सांगायचंय. त्यांना दोन वाक्यं सलग ऐकायचीही ताकद नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण ते नाही.

२ एप्रिल

आज दुपारी मास्क काही वेळ काढून ठेवला. नाकात नळी, भिंतीवर काचेची उभी नळी, तिच्यात तशीच गोळी. एकवर. नर्सने जाताना मला बजावलं नाही, नुसतं बटणाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना माहीत आहे.

मावशी पेपर घेऊन आल्या होत्या. एक बातमी वाचून दाखवली. बाबांनी अर्ध्यात हात वर केला, शिवी द्यायची होती त्यांना, पण तेवढा श्वास पुरेना. मावशींनी ती शिवी त्यांच्या वतीने दिली. बाबा हसले आणि हसण्यानेच धाप लागली. मावशी घाबरून बाहेर गेल्या.

खांदे वर-खाली. मानेच्या शिरा ताठ. जुनं सगळं परत आलं होतं आणि डॉक्टरीणबाई म्हणतात त्याप्रमाणे ते परत आलं हे चांगलंच आहे.

बाबांनी बोट पुढे केलं. मी चिमटा लावला.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "ठमे, वाढव ना जरासं. घरी वाढवायचीस तसं."

बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. म्हटलं, "बाबा, एवढंच पुरे म्हणतात."

"थोडंसं," ते म्हणाले. "तुझा हात लागला की बरं वाटायचं."

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. ते माझ्याकडे बघत होते, रागावून नाही, नुसते वाट बघत होते. ते झोपेपर्यंत मी तशीच बसले होते. मग ही झोप कसली आहे ते बघायला नर्सला बोलावून आणलं.